दुसरी रेघ

दीपिकानं पाण्याची तिसरी बाटली संपवली, तरी काउंटरवरच्या मुलीचं समाधान होईना. "लघवी जोरात लागू द्या, मगच मॅडम आत घेतील," असं म्हणून ती पुन्हा मोबाईलमध्ये घुसली.

बाकावर शेजारी बानूबाई बसली होती, दीपिकाची आई. शेळ्या शेजारणीच्या हवाली करून ती सकाळीच पिंगळीहून लेकीला घेऊन परभणीला आली होती. दारात सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. बानूबाईला काढायला चप्पलच नव्हती. गेली चार वर्षं ती अनवाणीच फिरत होती. लेकीची कूस उजवेपर्यंत पायात काही घालायचं नाही, असा तिचा नवस होता.

"डाग कसा हाय?" तिनं हळूच विचारलं.

"कालच्यासारखाच. दोन ठिपके. तपकिरी."

"मंग हायच पोटात. धीर सोडू नको."

गेली सात वर्षं पाळीनं दीपिकाला सुखानं जगूच दिलं नव्हतं. महिन्यातून दोनदा यायची, अधेमधे डाग पडायचा, आला की आठ-आठ दिवस जायचा नाही. सासूनं, सरजाबाईनं, अंगारे लावले, उष्णता म्हणून सब्जा पाजला, पालमच्या वैदूच्या पुड्या खाऊ घातल्या आणि शेवटी हात टेकले. "खडकावर पेरून काय उगवतंय?" असं ती चारचौघांत म्हणायची. दीपिकाला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण या खेपेला बेचाळीस दिवस काही आलंच नाही, आणि आले ते हे दोन ठिपके. गावातली आशाताई रेणुका म्हणाली, "गर्भ रुजताना कधी कधी असा डाग पडतो, ताई." तिनं पट्टीवर तपासून दिलं. एक रेघ ठसठशीत उठली. दुसरी इतकी पुसट की बानूबाईला दिसली, दीपिकाला दिसली आणि रेणुकाला काही दिसली नाही. सोनोग्राफी करून घ्या, एवढंच ती म्हणाली.

मोबाईल वाजला. रामप्रसाद होता, दीपिकाचा नवरा. म्हणजे आठ दिवसांमागं होता. आता फारकतीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या होत्या आणि उद्या सोनपेठला त्याचं दुसरं लग्न होतं.

"काय मनली डॉक्टरीन?" त्याचा आवाज दबका होता.

"आजून नंबर न्हाई आला."

"लवकर कर. चार वाजता हळद हाय. तू नुस्तं हाय मन, मी कागद फाडून टाकतो. पर न्हाई मनली तर..."

"तर?"

"मायपुढं माझं काय चालतंय, दीपे?"

माणूस वाईट नव्हता, पण आईचा शब्द खाली न पडू देणाऱ्यांतला होता. दीपिकानं फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"लय भोगलं बघा माझ्या लेकरानं," बानूबाई तोवर पलीकडच्या बाईला सांगू लागली होती. "पहिलटकरीन, मनून बाळंतपन माझ्याकडंच. सात वरसं झाली. पोरगं पोटातच गेलं, अन् रगत काई थांबंना. दोन पिशव्या लावल्या. मी किती कागदावर अंगठे उठीवले, माझं मलाच ठाव न्हाई."

"अरे देवा," ती बाई म्हणाली.

"टाके घातले. मी इचारलं, काढायला कवा आनू? तर सिस्टर मनली, काढायचं न्हाई मावशी, आपोआप इरघळत्यात. अन् खरंच की! नखाएवढा धागा सुदिक दिसला न्हाई."

"मग नंतर दिवस राहिलेच नाहीत?"

बानूबाईनं नुसती मान हलवली. पहिली तीन वर्षं खरं तर तीच सगळ्यांत निवांत होती. सरजाबाई टोचून बोलायला लागली की म्हणायची, "घाई कशाला, इहीनबाई? मरता मरता वाचली पोरगी. अंग भरू द्या तिचं." चौथं वर्ष लागलं तसा मात्र तिचा धीर सुटला. चप्पल सोडली, सोमवार धरले, शेंदूर फासलेला दगड दिसेल तिथं डोकं टेकवलं. तिच्या टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. लेकीसाठी इतकं झिजणारी आई दीपिकानं दुसरी पाहिली नव्हती.

नाव पुकारलं गेलं. दोघी आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि यंत्र फिरवायला सुरुवात केली. दीपिका छताकडं बघत राहिली. एकदा हो म्हणा, फक्त एकदा, असं ती मनात घोकत होती.

"गर्भ नाही," बाई म्हणाल्या.

दीपिकानं डोळे मिटले. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. चारच्या आत फोन करून सांगायचं, एवढंच आता उरलं होतं.

"पण तुम्हाला मूल हवंय म्हणता ना? मग तांबी कशाला ठेवलीत?"

"कसली तांबी?"

बाईंनी पडदा तिच्याकडं वळवला. करड्या अंधुकात एक पांढरी रेघ उभी होती, ठसठशीत. तिच्या डोक्यावर एक आडवी.

"ही. मूल राहू नये म्हणून बाळंतपणानंतर बसवतात ती. ही आत असताना दिवस राहणार कसे? ते डागसुद्धा हिचेच."

"मला कुनी बसीवली न्हाई, मॅडम. मला कुनी इचारलंबी न्हाई," दीपिका म्हणाली आणि साक्षीसाठी तिनं आईकडं पाहिलं.

बानूबाई पडद्याजवळ सरकली. त्या पांढऱ्या रेघेकडं ती वाकून वाकून बघत राहिली.

"तीन वरसांसाठीच तर बसवा मनले व्हते मी," ती म्हणाली. "मला वाटलं, टाक्यावानी इरघळली आसंल."