तुटीचं अंतर

मंठ्याच्या रस्त्यालगत फायबर तुटलं होतं. मी मीटर जोडलं. मीटर केबलीत उजेड सोडतं, तो तुटल्या जागेवरून परत येतो आणि अंतर दिसतं. आठशे मीटर.

ऑफिसातून प्रियदर्शनीचा फोन आला. "कल्याणदादा, तूट सापडली का?"

मी पुन्हा बघितलं. सहाशे. मंग साडेचारशे.

"जवळ येऊन राह्यली."

"मीटर बिघडलं असंल. दुसरं पाठवते."

"बिलकुल नको."

माझी बायको साधना भरदुपारी अशीच बांधाबांधानं डबा घेऊन यायची, मी जिथं कामाला असायचो तिथं. गेल्या साली ती वारली.

मी हात धुतले. बाभळीखाली दोघांपुरती जागा झाडली.

तीस. दहा. मीटर दोनवर थांबलं.

मागं न वळता मी म्हणालो, "लई उशीर केलास."