दुसरी सही

उद्या माझ्या वडिलांची, अण्णांची, बायपास होती. आज दुपारी माझा धाकटा भाऊ नंदू वकिलांना घेऊनच दवाखान्यात आला. मृत्युपत्र टाइप होऊन आलं होतं. अण्णांनी सही केली, साक्षीदार म्हणून डॉक्टरांनीही केली.

"ताई, दुसरी साक्षीदार तू."

अकरा दिवस मी अण्णांना चमच्याने भरवत होते. वाटी बाजूला ठेवून मी पेन घेतलं, तेवढ्यात वकिलांनी विचारलं, "यात तुम्हाला काही मिळत नाही ना? ज्याला मिळतं, त्याला साक्षीदार करत नाहीत."

नंदू सलाइनकडे बघायला लागला. उत्तर अण्णांनीच दिलं. "तिला काही नाही. तिचं लग्नातच सगळं झालं."

इतका ठणठणीत आवाज अकरा दिवसांत ऐकला नव्हता.

"वकीलसाहेब, पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे," मी म्हणाले, आणि कागद फाटेल इतकी दाबून सही केली. मग पर्स उचलली.

"नंदू, चार वाजता त्यांना लघवीचं भांडं द्यायचं. नंतर नीट विसळून खाटेखाली ठेव."

"तू कुठे निघालीस?"

"घरी. साक्षीदाराचं काम झालं."