तळवा

"गुरुजी, मोजा काढू नका. व्यासपीठावर पाहुणे आहेत, मागे सरस्वतीची तसबीर आहे," शाळेच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माझ्या कानाशी कुजबुजले. पाचच मिनिटांपूर्वी शाल देऊन ते याच पायांशी वाकले होते.

कॅन्सरमधून बरा झाल्यापासून मी शाळाशाळांत जाऊन गरीब रुग्णांसाठी निधी जमवतो. चाळीस वर्षं शिकवलं, पण आवाज कधी चढवला नाही. आज मात्र माईक सुरू आहे हेही विसरलो.

"पाया पडायला पाय चालतो, अन् तळवा बघायचा म्हटलं की विटाळ? अहो, तळव्यावरच झाला होता माझा कॅन्सर! 'गुरुजी, पायाला शाई लागलीय' असं तिसरीतली एक पोर म्हणाली, म्हणून मी वाचलो. घासून घासून धुतली तरी ती शाई जाईना. हे न सांगता नुसते पैसे मागू?"

मी मोजा काढला आणि टाचेखालचा ऑपरेशनचा खड्डा मुलांना दाखवला. "बाळांनो, आपापले तळवे बघा. काळा डाग दिसला तर हात वर करा, डॉक्टरांना दाखवू."

सतरंजीवरच्या तीनशे मुलांनी पाहुण्यांच्या तोंडासमोर पाय उचलले. एकच हशा उसळला. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मुलांपैकी कुणाचाच हात वर आला नाही.

दाराशी उभ्या असलेल्या शिपाई मावशींनी मात्र चप्पल काढून पाय वळवून पाहिला. मग त्यांनी भीतभीत हात वर केला.