गॅलरीचं माप

सुनेत्रानं गॅलरीची रुंदी सुतळीनं मोजून गाठ मारली आणि तीच सुतळी घेऊन अण्णांबरोबर उल्हासनगरला पिंजरा निवडायला गेली. तिच्या गिनीपिगांना मनसोक्त पळता येईल असा एकच पिंजरा दुकानात होता, पण तो गाठीच्या हातभर पुढे गेला. "अण्णा, हा गॅलरीत नाही मावायचा." "मावेल गं, तुला पसंत आहे ना?" एरवी कोथिंबिरीलाही घासाघीस करणारे अण्णा सांगितलेल्या भावात पिंजरा घेऊन मोकळे झाले. रिक्षाच्या टपावर बांधलेला पिंजरा तिनं अंबरनाथपर्यंत हात बाहेर काढून सांभाळला. बिल्डिंगखाली अण्णांच्या कंपनीची जीप उभी होती. आत अण्णांचे साहेब, आणि मागच्या सीटवर त्यांची मुलगी सुनेत्राचे गिनीपिग मांडीवर घेऊन बसलेली. "माप आमच्या सुनूनंच घेतलंय, साहेब," पिंजरा जीपमध्ये चढवत अण्णा हसले, "तुमच्या व्हरांड्यात ऐसपैस बसेल." जीप सुटेपर्यंत सुनेत्रानं सुतळी धरलेली मूठ पाठीमागे लपवून ठेवली.