परतीचा चेंडू

भिंतीपलीकडे बॅटचा खणखणीत आवाज झाला आणि अर्लीन प्रुइट खुर्चीतून ताडकन उठली. सत्तरी उलटलेल्या बाईने असं उठू नये, हे डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं. पण तसा आवाज तीन उन्हाळ्यांत आला नव्हता.

चेंडू हॅलोरन पार्क या बेसबॉलच्या मैदानाच्या डाव्या भिंतीवरून वर चढला, नव्या हॉटेलच्या काचा चुकवत रस्त्यावर आपटला आणि टप्पे खात अर्लीनच्या कुंपणाशी येऊन थांबला. टिल्डन स्ट्रीटवर कुंपण म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं. दोन्ही बाजूंची घरं पाडून तिथे गाड्या लावायला डांबर ओतलं होतं. समोरच्या फलकावर लिहिलं होतं, 'शंभर वर्षांच्या परंपरेत राहायला या.' परंपरेतली माणसं मात्र आधी हलवावी लागत होती.

"कुणाचा रे?" तिने विचारलं.

ओटिस बीचमने मांडीवरचा रेडिओ कानाशी नेला. ओटिस तिचा जुना शेजारी. गेल्या वर्षी घर विकून तो शहराबाहेर, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या एका इमारतीत राहायला गेला होता. सामना असला की दोन बस बदलून तिच्या ओसरीवर येऊन बसायचा आणि वर तिलाच तिकडे चल म्हणून भंडावून सोडायचा.

"पाहुण्यांचा," तो म्हणाला. "सेंट लुईसवाल्यांचा."

झालं. आता विचार करण्यासारखं काही राहिलंच नाही. टिल्डन स्ट्रीटचा कायदा एकच होता. आपल्या संघाचा चेंडू आला तर पोरांनी खुशाल ठेवावा. परक्यांचा आला तर त्याला गल्लीत थारा नाही. आल्या वाटेने, भिंतीवरून, तो परत भिरकावायचा. चेंडू आत पडला की भिंतीलगतच्या स्वस्त बाकांवरची माणसं उभी राहायची आणि 'टिल्डन! टिल्डन!' असा गजर करायची. ती बाकं गल्लीनेच भरलेली असायची. पाळी संपवून आलेले कामगार, चर्चमधल्या बायका, दुकान बंद करून आलेला न्हावी. सगळ्या गल्लीत हात जोरदार तो अर्लीनचा. तो गजर ऐकूनच नवऱ्याने आपल्याला मागणी घातली, असं ती सांगायची. नवरा होता तोवर तो ते साफ नाकारायचा.

गल्लीतली घरं घेऊन पाडणाऱ्या कंपनीचा माणूस घर विकत मागायला आला की तिचं उत्तर ठरलेलं असे. "मी गेले तर चेंडू परत कोण टाकणार?" तो हसायचा. त्याला ती थट्टा वाटायची. पण भिंतीच्या आत आपली माणसं आहेत आणि बाहेर आपण आहोत, एवढ्या आधारावर ती त्या डांबराच्या मधोमध टिकून होती. बाकं काढून तिथे गाद्यांच्या खुर्च्या आल्या, पुढे काच लागली, तेव्हापासून आतला आवाज जरा दबल्यासारखा यायचा. ते काचेमुळे, असं ती स्वतःला सांगायची. सोमवारी कंपनीला अखेरचं उत्तर द्यायचं होतं आणि ते 'नाही' असंच होतं.

तिने वाकून चेंडू उचलला.

"खांदा निखळेल गं बाई," ओटिस म्हणाला. "आण इकडे, मी टाकतो."

"तू? तुझा चेंडू कधी विजेच्या तारांवरून तरी गेलाय का? बस गप."

ती रस्त्याच्या मध्यभागी गेली. भिंत पूर्वीपेक्षा उंच दिसत होती, किंवा तीच खचली होती. तिने एक पाय मागे घेतला, दात आवळले आणि फेकला. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. चेंडू वर गेला, भिंतीच्या काठाला निसटता लागला आणि आत पडला.

"अगं, गेला की!" ओटिस ओरडला.

अर्लीन खांदा धरून उभी राहिली. गजराची वाट बघू लागली.

आत कुणीतरी हसलं. मग काचेच्या वरच्या कठड्यावरून एक तरुण वाकला. एका हातात पेला, दुसऱ्या हातात चेंडू.

"आजी! अहो आजी! हा सामन्यातला चेंडू आहे, खराखुरा होमरनचा! तुमच्या लक्षात आलं नसेल. फेकू नका हो, ठेवा आठवण म्हणून! नातवंडांना दाखवा!"

आणि तिला लागू नये अशा बेताने त्याने तो अलगद खाली सोडला. मागच्या मंडळींना त्याचं फार कौतुक वाटलं. माणसं उभी राहिली, टाळ्या वाजल्या, त्याच्या नावाचा गजरही झाला. "ब्रॅडली! ब्रॅडली!"

अर्लीनने कठड्यावरचा एकेक चेहरा पाहिला. एकही ओळखीचा नव्हता. तो पोरगा उर्मट असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते, जरा बरं वाटलं असतं. पण तो मनापासून हसत होता, हात हलवत होता. तिनेही हात हलवला.

ती ओसरीवर परत आली. खुर्चीत टेकली.

"ओटिस, तुमच्या इमारतीतली ती मागची खोली गेली का रे?"

"आहे अजून," तो म्हणाला. वर्षभर हेच ऐकायला तो दोन बस बदलून येत होता. आता मात्र त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने रेडिओ बंद केला.

अर्लीनने चेंडू एप्रनच्या खिशात टाकला. परक्यांचा चेंडू टिल्डन स्ट्रीटवर पहिल्यांदाच राहिला.