उपाशीपोटी

सुनेचं पोट दुखायचं म्हणून सोनोग्राफी ठरली. उपाशीपोटी या, असं बजावलं होतं. पण सासूबाई ऐकतात थोड्याच! "सून उपाशी हिंडते म्हणून लोकांनी माझ्या नावानं बोंब मारायची का?" असं म्हणत त्यांनी तिला पेलाभर दूध प्यायलाच लावलं.

रिपोर्ट आला: पित्ताशयाची भिंत जाड.

झालं! सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "पंचविशीत ही तऱ्हा! किडकी पोर आमच्या गळ्यात मारली. रिपोर्ट चांगला येईपर्यंत हिनं माझा उंबरठा चढायचा नाही." नवरा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्यानं मान वर केली ती फक्त "गाडी बोलावू का?" विचारायला.

माहेरी ती पोटभर जेवली, दुपारची निवांत झोपली, किती दिवसांनी मोठ्यानं हसली. पोटदुखी कुठच्या कुठे पळाली.

आठवड्यानं आई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दुधाचं ऐकताच बाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं, खाल्लं-प्यायलं की पित्ताशय आकसतं, मग भिंत जाड दिसणारच! हा आजार नाही. उद्या काही न खाता-पिता ये, रिपोर्ट चांगला येईल. मग जा खुशाल सासरी."



दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेल्याबरोबर तिनं पेला काठोकाठ भरला आणि सगळं दूध घटाघटा पिऊन टाकलं.