नाच्याला मिशी नसते

देवरामने वस्तऱ्यात नवं पातं घातलं, वस्तरा विनीतच्या ओठाजवळ नेला आणि पुन्हा खाली ठेवला.

"गुणाजी हाय नं रे?" त्याने आरशातून विचारलं.

"आहे. घरी बसलाय मजेत."

"मग मी नाय हात लावायचा. बाप जिता असताना मिशी काढत नाय. तुला ठावं नाय काय?"

विनीतला चांगलंच ठाऊक होतं. कळव्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात जुन्या माणसांच्या लेखी पोराची मिशी एकदाच उतरायची, बाप गेल्यावर. म्हणून तर गुणाजीने आठवडाभर पोराशी बोलणं टाकलं होतं. त्यात म्हातारा गेल्याच महिन्यात इस्पितळातून परत आलेला, छातीवर टाके घेऊन.

पण आज संध्याकाळी कल्याणला स्पर्धेचा प्रयोग होता. नाटक पेशवाईतल्या एका तमाशाच्या फडाचं आणि विनीत त्यातला नाच्या. इतकी वर्षं त्याच्या वाट्याला भालदार, चोपदार आणि पडद्यामागचा आवाज एवढंच आलं होतं. भाला धरून उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज पहिल्यांदा अख्खं नाटक त्याच्या अंगावर होतं. गुणाजीचं म्हणणं सोपं होतं, शिमग्याला आमी पन लुगडी नेसून नाचतो, मिशीसकट. नाटक बसवणारी नौपाड्याची समिधा मात्र हटायला तयार नव्हती.

"तो शिमगा झाला, विनीतदादा. ह्या फडात बाई नाहीये, पुरुषच बाई होतो. समोर बसलेल्या सरदाराला ती बाईच वाटली पाहिजे. नाच्याला मिशी नसते."

पट्टी चिकटवून पाहिली, रंगाचे थर देऊन पाहिले. घाम फुटला की मिशी आपली हजर.

"आण इकडे, देवरामकाका." विनीतने वस्तरा उचलला, आरशाकडे वाकला आणि स्वतःच ओढला. देवरामने तोंड फिरवून घेतलं. उघडाबोडका ओठ बघून विनीतला स्वतःचीच लाज वाटली, पण आता माघार घ्यायला मिशी तरी कुठे उरली होती?

इस्त्रीवाल्याकडून नऊवारी घेऊन तो निघाला, तोच समोरून जनाबाई आली, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन. शेजारघरची, लहानपणी त्याला कडेवर खेळवलेली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. मग वळली आणि आल्या वाटेने झपाझप चालू लागली. हिलाही आवडलेलं दिसत नाही, असं विनीतला वाटलं. त्याने कोपऱ्यावर चहा घेतला, समिधाला फोन करून "काढली" एवढंच सांगितलं आणि घराची वाट धरली.

गल्लीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. चार-पाच बायका गळा काढून रडत होत्या आणि आवाज त्याच्याच घराकडून येत होता. वाण्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं.

मीच मारला त्याला, एवढं एकच विनीतच्या मनात आलं. नऊवारी काखेत दाबून तो धावत सुटला.

दाराशी गर्दी होती. गर्दीच्या मधोमध ओट्यावर गुणाजी उभा होता, हातात अर्धा प्यालेला चहा. समोर जनाबाई रडायची थांबली होती आणि भूत बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

"कोन गेला ते बघाया बाहेर आलो," गुणाजी म्हणाला, "तर मीच."

"पोराची मिशी उतरलेली दिसली," जनाबाई पदराने डोळे पुसत पुटपुटली. "मना वाटला, तू गेलास. पन खोटी बातमी उठली का आयुष्य वाढतं म्हनतात."

हसावं की रडावं, कोणालाच कळेना. विनीतला मात्र रडू आवरेना. बाप समोर धडधाकट उभा आहे, यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं. तो ओट्याजवळ गेला.

"आबा, तुझ्या मनाविरुद्ध केलं मी. बोलू नकोस हवं तर माझ्याशी. पण संध्याकाळी मी नाचणार आहे."

गुणाजीने पोराच्या उघड्या ओठाकडे पाहिलं, मग जनाबाईकडे. चहाचा उरलेला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"याच्या मिशीनं माझा आयुष्य कमी केला असंल, तर हिच्या रडन्यानं वाढवला. फिट्टंफाट झाली." तो खाली बसला. विनीतच्या काखेतली नऊवारी त्याने ओढून घेतली आणि चुरगळलेला काठ मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करू लागला. "पयल्या रांगेत कोन बसतं?"

"परीक्षक."

"त्यांच्या बाजूला बसव मना."

"अरे आबा, डॉक्टरने सांगितलंय ना, एवढ्यात कुठे बाहेर..."

"डाक्टरला मी सांगतो." गुणाजीने आपली पांढरीशुभ्र मिशी दोन्ही बाजूंनी पिळली आणि जमलेल्या गर्दीवरून नजर फिरवली. "तुमी पन चला सगली. याचा तोंड बघून कोनाला शंका आली, तर माझा बघा."